मेंढ्या बसवलेली जागा

पांढरकवड्याच्या बसस्टँडसमोर मी जिथे दाढी करतो, तिथल्या दुकानदाराला माझ्या नोकरीबद्दल अजून एकच प्रश्न पडतो. "भाऊ, किती पाडले?"

शत्रूची विमानं, असं त्याला म्हणायचं असतं. मी "एकही नाही" म्हणतो.

"एकबी नाई? मंग करत काय होते तिथं?"

त्या वेळी त्याचा वस्तरा माझ्या गळ्यावर असतो. मी वाद घालत नाही.

लढाऊ विमानाचा वैमानिक म्हणून माझी नोकरी संपली तेव्हा मला तिशीही लागली नव्हती. आठवणी पिकल्या केसांनी लिहाव्यात असा आपल्याकडे रिवाज आहे. पण या अंकाच्या संपादकांनी "निवृत्त तो निवृत्त, केसांचं आम्ही बघून घेऊ" म्हणत मला बसवलं. आमच्या केळापूरकडच्या एका गावच्या जत्रा कमिटीला मात्र मी निवृत्त झाल्याचं मान्यच नव्हतं. "पालखी निघाली का वरून एक चक्कर मारा, डिझेलचं आमी पाहून घेऊ," असा त्यांचा सरळ प्रस्ताव होता. विमान माझं नाही हे सांगितल्यावर एक जण हिरमुसून म्हणाला, "मंग इतके वर्स चालवलं कोनाचं?"

त्याला उत्तर देणं अवघड आहे. सरकारचं, म्हणजे तुमचंच, असं आमच्या घरच्या पत्रकांत छापलेलं असे. बाबांचा पायाने चालवायचा छापखाना होता. लग्नपत्रिका पोटासाठी आणि पत्रकं धर्मासाठी, अशी त्यांची विभागणी. कापसाच्या भावावरून जितकी आंदोलनं या भागात झाली, तितकी पत्रकं आमच्या यंत्रातून गेली. मला अक्षरओळख झाली ती शाळेच्या आधी, शिशाच्या उलट्या खिळ्यांवरून. मी विमानदलात जायचं ठरवलं तेव्हा बाबा दोन दिवस नुसते खिळे जुळवत राहिले. मग शाईचे हात पुसत म्हणाले, "जाय बापा. पन चाप दाबाच्या आधी समोर कोन हाय ते पाह्यजो."

हे वाक्य लढाऊ वैमानिकाला सांगणं किती गैरसोयीचं आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

आमचा धंदा थोडक्यात सांगतो. लढाऊ वैमानिकाचा बराचसा वेळ बसण्यात जातो. तयारीचा हुकूम झाला की उन्हात तापलेल्या विमानात पट्ट्यांनी स्वतःला खुर्चीला आवळून घ्यायचं आणि "नीघ" म्हणेपर्यंत बसून राहायचं. घाम डोळ्यांत जातो, पुसता येत नाही. तोंडावरच्या मुखवट्याला रबराचा वास असतो, तो सुटीत घरी आल्यावरही जेवताना येत राहतो. विमान जोरात वळलं की अंगातलं रक्त पायांकडे धावतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. ती येऊ नये म्हणून आमच्या मांड्यांना आणि पोटाला एक विजार बांधलेली असते. ती हवेने फुगते आणि माणसाला पिळून काढते. वळून झालं की सोडते.

बॉम्बबद्दल लोकांचा समज असा, की तो सोडला की खाली पडतो. धावत्या एसटीच्या खिडकीतून नारळ टाकून बघा. तो गाडीबरोबर थोडा पळतो आणि मग पडतो. बॉम्ब तसाच पळतो, पण कितीतरी लांब. किती, ते आपली उंची, वेग आणि हवेचा दाटपणा यांवर ठरतं. आमची सगळी कोष्टकं सपाट मुलखाची होती. कारगिलची लढाई लागली आणि आम्हाला हिमालयाच्या डोक्यावर नेऊन उभं केलं. तिथली हवा विरळ. बॉम्ब आमचं ऐकेनात. डोंगराच्या धारेवर सुरीच्या पात्याएवढ्या जागेत शत्रू बसलेला, आणि आमचा बॉम्ब त्याच्या डोक्यावरून पलीकडच्या दरीत. दरीत पडलेला बॉम्ब कोणालाच लागत नाही. आम्ही चुकत चुकत, घड्याळं लावून, कागदावर नवी कोष्टकं मांडत शिकलो.

आणि वरून माणूस दिसत नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण गेल्या काही वर्षांत आमच्या जिल्ह्यावर हेलिकॉप्टरं फार फिरतात. कापूस बुडाला की कोणीतरी मोठा माणूस येतो, हवाई पाहणी करतो आणि संध्याकाळपर्यंत परत जातो. पाहणी म्हणजे काय, हे ज्याने पोटासाठी केलं तो मी सांगतो. वरून पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, हिरवीच दिसते. बोंडातली अळी दिसत नाही. गावात चूल पेटली की नाही ते दिसत नाही. हवाई पाहणी ही न पाहण्याची सरकारी पद्धत आहे.

आमच्या तुकडीत दोन गोष्टी पक्क्या होत्या. पहिली, एकाच लक्ष्यावर दुसऱ्यांदा फिरायचं नाही. पहिल्या फेरीत खालचे लोक जागे होतात, आणि खांद्यावर धरून मारायचं क्षेपणास्त्र घेऊन दुसऱ्या फेरीची वाट बघतात. लढाईच्या सुरुवातीलाच आमचा एक जण असा पुन्हा वळला होता. तो आला नाही. त्याच्या पलंगावरची चादर त्या दिवशी कोणीच बदलली नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे उतरल्यावरची बैठक. विमानातून उतरून पाणी प्यायलं की सगळ्यांनी एका खोलीत बसायचं. तिथे खांद्यावरच्या पट्ट्या मोजायच्या नाहीत. सर्वांत कनिष्ठ माणसाने आधी बोलायचं, आणि घडलं तसं बोलायचं. त्या खोलीत खोटं बोलणाऱ्याबरोबर पुन्हा कोणी उडत नाही. मी पुढे जे सांगणार आहे ते त्या खोलीतल्या सवयीमुळेच सांगावं लागतं.

एका सकाळी आम्हाला एक फोटो दाखवला. टेहळणीच्या विमानाने आदल्या दिवशी काढलेला. एका नाल्याच्या डोक्याशी, उघड्या उतारावर चार-पाच तंबू. त्यांच्या खाली मोठा काळपट डाग, आणि डागातून खाली गेलेला ओघळ. फोटो वाचणारा अधिकारी हुशार होता. डागावर काडी ठेवत म्हणाला, "फ्यूल डम्प. तेल सांडलंय. खेचरांवरून माल येतो, इथे उतरतो, आणि वरच्या धारेवर जातो." त्या धारेवर आपली पायदळाची तुकडी चढायची होती. बाजूच्या नाल्यातून तिच्यावर उखळी तोफेचा मारा होत होता. तो मारा याच तंबूंपासून असावा असा अंदाज होता.

मी फोटो हातात घेतला आणि तो डाग मला ओळखीचा वाटला.

उलंगवाडी झाली, म्हणजे शेवटचा कापूस वेचून झाला, की आमच्याकडे उंट घेऊन काठेवाडी मेंढपाळ येतात. पऱ्हाटीचा पाला मेंढ्या खातात आणि रात्री त्याच वावरात बसतात. त्यांच्या लेंड्या आणि मूत म्हणजे खत. त्यासाठी शेतकरी त्यांना ज्वारी देतो. याला आम्ही मेंढ्या बसवणं म्हणतो. आमचं वावर बरड, फिक्या मातीचं. टेकडीवर चढून पाहिलं की मेंढ्या बसलेली जागा ओळखू यायची: गोलसर, काळपट, कडा पुसट. मेंढपाळाचा तंबू नेहमी डागाच्या वरच्या अंगाला, कारण मुताचा ओघळ बिछान्यात यायला नको. फोटोत तेच होतं. तंबू वर, डाग खाली, ओघळ त्याच्याही खाली.

"सर, हे तेल नाही," मी म्हणालो. "इथे मेंढ्या बसल्यात."

फोटोवाला हसला. "यवतमाळ की भेड़ें इतनी दूर चरने आईं?"

सगळे हसले. आमचे फ्लाइट कमांडर कुरियन सर हसले नाहीत. हा केरळचा माणूस हिंदी तोलूनमापून बोलायचा. "पूरा बोलो," ते म्हणाले.

मी पूर्ण सांगितलं. तेल एका जागी सांडतं आणि तिथून वाहतं. हा डाग सगळीकडून सारखा पाझरलाय. तिकडचे मेंढपाळ उन्हाळ्यात बर्फ हटलं की वर चढतात, हे सगळ्यांना माहीत होतं. लढाईमुळे खाली उतरायची वाट बंद झालेले कोणी असतील.

"और अगर तुम ग़लत हो, तो वो धार पे अपने लड़के मरेंगे. ये भी मालूम है?"

"मालूम है सर."

त्यांनी फोटो माझ्या हातातून घेतला. मग म्हणाले, "दूसरा चक्कर नहीं लगेगा. मैं आगे, तुम पीछे. मैं निशाना देखूँगा, तुम ज़मीन देखना. तुम हाँ बोलोगे तो गिराऊँगा, ना बोलोगे तो नहीं."

एवढ्या वर्षांत मला कोणी इतकं जड काही उचलायला दिलेलं नाही.

आम्ही गेलो. उतार डोळ्यांसमोर उभा राहिला आणि काही क्षण मला जमीन दिसली. माणूस नाही, मेंढी नाही. तंबू, डाग, आणि डागापासून वरच्या कुरणाकडे गेलेल्या बारीक रेघा, पुष्कळ, एकमेकींना समांतर, कंगव्याच्या दातांसारख्या. खेचरं एकामागे एक चालतात, त्यांची एकच पायवाट उमटते. मेंढ्या उतारभर पसरून चरतात. त्यांच्या चालण्याने डोंगराला अशा रेघा पडतात.

"ना," मी रेडिओवर म्हणालो.

कुरियन सरांचं विमान डोंगरावरून तसंच वर उचललं गेलं. त्यांच्यामागे माझं. न टाकलेले बॉम्ब एका ठरलेल्या ओसाड जागी टाकून यायची मुभा होती, कारण ते घेऊन उतरणं धोक्याचं. सरांनी ती घेतली नाही. "गिन के दिए हैं, गिन के वापस करेंगे," एवढंच म्हणाले.

त्या खोलीत मी कनिष्ठ होतो. मी आधी बोललो. तुकडीचे प्रमुख टेबलावर दोन्ही हात ठेवून ऐकत होते.

"भेड़ें देखीं?"

"नाही सर."

"आदमी देखे?"

"नाही सर."

"तो देखा क्या?"

"जागा, सर."

"ऊपर क्या लिखूँ मैं? जगह?"

"फ़ैसला मेरा था," कुरियन सर म्हणाले.

"नाही सर, माझा," मी म्हणालो. त्या खोलीत ज्येष्ठाला खोडून काढायची मुभा होती म्हणून ते शोभलं. प्रमुखांनी आम्हा दोघांकडे पाहिलं आणि तेच लक्ष्य दुपारच्या जोडीला दिलं. दुपारी ढग उतरले. दोन दिवस उठले नाहीत. त्या ढगांखालीच पायदळ चढलं. धार आपण घेतली, पण स्वस्तात नाही, असं कळलं. नंतरच्या फोटोत तंबू नव्हते.

मी संत नाही. त्यानंतर मी कितीतरी वेळा "हो" म्हणालो. बॉम्ब नेमका बसला की वरून बर्फ राखाडी होताना दिसतं, बाकी काही नाही. तिथे खाली बंदुका होत्या, आणि त्या धरणारी माणसं होती. त्यांच्याबद्दल मला शंका नव्हती. तरी ते राखाडी ठिपके माझ्याबरोबर घरी आले आहेत.

लढाईनंतरच्या हिवाळ्यात, साध्या सरावाच्या उड्डाणात, माझ्या इंजिनात पक्षी गेला. खुर्चीसकट बाहेर फेकलो गेलो आणि पाठीचे मणके दबले. डॉक्टर म्हणाले, जगाल छान, पण अशा खुर्चीत पुन्हा नाही. मी घरी आलो आणि बाबांच्या छापखान्यात उभा राहिलो. बसवत नव्हतं म्हणून उभा.

ती वर्षं कापसाने सगळ्यांना रडवल्याची. त्यातल्या एका हंगामात मारेगावच्या रस्त्यावरचं खरेदी केंद्र जागा नाही म्हणून बंद पडलं. बैलगाड्यांची रांग फाटकापासून डांबरी रस्त्यापर्यंत. लोक गाडीखालीच झोपत, तिथेच भाकरी भाजत. मी "काटा सुरू करा" असं पत्रक वाटत रांगेतून चाललो होतो. एका गाडीवर, कापसाच्या ढिगाला टेकून, माझ्याच वयाचा माणूस बसला होता. त्याच्या बाजूला कापसावर त्याचा नकली पाय, बुटासकट, नीट आडवा ठेवलेला.

"काय वाटून राह्यले भाऊ?"

"पत्रक आहे."

"पत्रकं तं बाप्पा लय वाचले. काटा कधी सुरू होते, ते लिवलं का त्याच्यात?"

"ते सरकारला माहीत."

"मंग सरकारले द्या ना. मले कायले देता?"

मागच्या गाडीवरचे लोक हसले. मीही हसलो. त्याचं नाव गजानन. भावाचा कापूस घेऊन आला होता. पाय कुठे गेला असं मी विचारलं नाही, त्यानेच सांगितलं. फौजेत होतो म्हणाला, आणि त्याने धारेचं नाव घेतलं.

"वरून तं मार होताच," तो सांगत होता. "पन बाजूच्या नाल्यातून तोफ चाले. तिनंच घात केला. आमाले सांगतलं होतं, सकाळी विमानं येतीन, नाला साफ करतीन, मंग चढा. आले. दोन आले. आमी दगडाआडून पाहून राह्यलो. पाह्यलं त्यायनं खाली, अन् गेले निघून! आमचा सुभेदार म्हने, 'घूमने आए थे क्या?' लय शिव्या देल्या भाऊ आमी. तिसऱ्या दिवसी त्याच तोफेनं माहा पाय नेला. अन् माह्या जोडीदाराले पुराच नेला. सुरेश. आमच्या बाजूच्याच गावचा."

पत्रकांचा गठ्ठा मी गाडीच्या चाकाला टेकवून ठेवला.

"त्यातलं मागचं विमान माझं होतं," मी म्हणालो.

तो ढिगावरून सरळ होऊन बसला. मग माझी बाजू सावरत असल्यासारखा म्हणाला, "बिघाड झालता का काही?"

किती सोपं होतं "हो" म्हणणं. "नाही. मीच नको म्हणालो."

त्याने पाय उचलला. बसवला, पट्टे आवळले, गाडीवरून खाली उतरला आणि माझ्यासमोर उभा राहिला. मला वाटलं, मारतो. "आता बोला," तो म्हणाला. "काहून?"

मी मेंढ्या बसवलेल्या जागेचं सांगितलं. रांगेतल्या सगळ्यांना ती जागा कशी असते हे ठाऊक होतं. कोणालाही समजावून सांगावं लागलं नाही. गजाननने शेवटपर्यंत ऐकलं.

"धार घेतल्यावर मले त्याच नाल्यानं खाली आनलं," तो सावकाश म्हणाला. "स्ट्रेचरवरून जमीन दिसे. लेंड्या होत्या. ढीगच्या ढीग. अन् खेचराची लीद बी होती. दोनी."

"ताजी कोणती होती?"

"तवा का मी लेंड्या चिवडत बसलतो, सायेब?"

"तंबूत कोण होतं, काही कळलं?"

"तंबू नव्हतेच. चूल होती तीन दगडाची. चुलीवरून का समजते? मेंढरंवालेई जेवतेच, बंदूकवालेई जेवतेच." तो थांबला. "आज पुन्ना तसंच दिसलं, तं टाकसान?"

तो माझ्या डोळ्यांत बघत होता. "नाही," मी म्हणालो.

"मंग हे सुरेशच्या मायले सांगा. मले सांगनं सोपं हाय. मी जिता हावो."

दुसऱ्या दिवशी भावाला गाडीजवळ बसवून तो मला तिच्या गावी घेऊन गेला. काकू, म्हणजे सुरेशच्या आई, अंगणात कवडी निवडत बसल्या होत्या, किडक्या बोंडांतून कापूस ओढून काढत. "काकू, हे विमानवाले," गजानन म्हणाला. "यायले काही सांगाचं हाय."

मी सांगत असताना त्यांचे हात चालूच होते. थांबल्यावर त्यांनी विचारलं, "तंबूत कोन होतं मंग?"

"माहीत नाही, काकू."

"मेंढरंवाले होते, का ते दुसरे?"

"माहीत नाही."

आता हात थांबले. "सरकारनं मले सांगतलं, देसासाठी गेला. फोटो देला, शाल देली. आता तू म्हनतं, मेंढरंवाल्यायसाठी गेला. अन् मेंढरंवाले होते का नाई, तेई तुले पक्कं ठाव नाई. कोन्या आईले असं सांगाले येते का कोनी? जाय. पाहून ये. तवर मले तोंड दाखवू नको."

पुढच्या उन्हाळ्यात मी गेलो. ज्या डोंगरांवरून विमानात काही क्षणांत निघून जायचो, तिथे पोचायला रेल्वे, बस, ट्रक आणि शेवटी पायी, असा पाठीला पट्टा बांधून गेलो. एका पुलाजवळ चहाची टपरी होती. वर चढणारे मेंढपाळ तिथे थांबतात. मी येणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागलो. पुष्कळांना काही माहीत नव्हतं. काहींना वाटलं मी पोलीस आहे. टपरीवाल्याला तर मी वेडा वाटत होतो. मग एक म्हातारा आला. त्याच्याबरोबर त्याची सून आणि मुलं. मी नाल्याचं वर्णन केलं तेव्हा म्हाताऱ्याने सुनेकडे पाहिलं आणि ती बोलू लागली.

"तंबू हमारे ही थे," ती म्हणाली. "बंदूक वाले आए तो भागते किधर? बोले, भेड़ काटो, पकाओ. खच्चर भी हमारी भेड़ों के बीच बाँधे. तोप तंबुओं के पास ही, नीचे मोड़ पर छिपाई. फिर दो जहाज़ आए. हम बच्चों के ऊपर लेट गए. जहाज़ चले गए. वो लोग दो-तीन दिन और रहे, फिर तोप खच्चर पर लादकर निकल गए. हमें छोड़ गए."

म्हणजे दोघंही होते. मेंढपाळही आणि तोफही. माझ्या एका शब्दाने ही बाई आणि ही मुलं राहिली. त्याच शब्दाने तोफही राहिली, आणि तिने सुरेशला नेलं.

"त्या विमानांपैकी एक माझं होतं," मी तिला हिंदीत सांगितलं. मला वाटलं, ती आभाराचं काहीतरी बोलेल. निदान मुलांकडे बघेल.

"तुम थे?" ती उसळली. "उस आवाज़ से हमारी कितनी भेड़ों ने बच्चे गिरा दिए, मालूम है? सबसे अच्छी वाली भेड़ें थीं!"

मी तिची माफी मागितली. म्हाताऱ्याने माझ्या चहाचे पैसे दिले.

परत आल्यावर मी सरळ काकूंकडे गेलो. या वेळी एकटा. पेरणीचे दिवस होते, अंगण रिकामं होतं. त्या दारात उभ्या राहिल्या.

"होते?"

"होते, काकू. म्हातारा होता, सून होती, तिची मुलं होती."

"वाचले?"

"वाचले."

मग बाकीचंही सांगितलं. बंदूकवालेही तिथेच होते. बॉम्ब पडला असता तर तोफही गेली असती. आणि तोफ गेली असती तर सुरेश कदाचित आला असता. यातलं काही गाळायचा मला हक्क नव्हता. मेंढ्या गाभडल्याचंही सांगितलं, आणि ती बाई माझ्यावर कशी उसळली तेही.

"पोटुश्या मेंढ्या होत्या?" काकूंनी विचारलं. "अगाई. तिचं तं नुकसानच झालं मंग."

त्यांनी मला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. चौकटीला हात लावून त्या समोरच्या वावराकडे बघत होत्या.

"नाव काय तिचं?"

"जैनब."

"जैनाब," त्या म्हणाल्या. नीट आलं नाही हे त्यांनाच कळलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा म्हणून पाहिलं.